'फिरते घर' रुसते तेव्हा...

स्वयंपाकघर, बिछाने आणि स्नानगृह सोबत घेऊन धावणारे मोटारहोम हे अमेरिकेतील उन्हाळी सुटीचे रूढ वाहन. तेथे मुलांकडे गेलेल्या अनेक मराठी आई-वडिलांनीही यलोस्टोनसारखी राष्ट्रीय उद्याने अशाच फिरत्या घरातून पाहिली असतील. थंडीच्या प्रदेशात ऑक्टोबरच्या सुमारास झाकून ठेवलेले हे घर मे महिन्यात बाहेर काढले जाते. सामान भरून होते, आतले दिवे लख्ख लागतात, नळाला पाणी येते. पण किल्ली फिरवली तरी इंजिन ढिम्म हलत नाही. 'दिवे लागताहेत, म्हणजे बॅटरी ठीक आहे; दोष स्टार्टरचाच असणार,' असा निष्कर्ष अशा वेळी हमखास काढला जातो. तो बहुधा चुकीचा असतो आणि महागातही पडतो.

याचे कारण असे, की मोटारहोममध्ये बॅटरीच्या दोन स्वतंत्र व्यवस्था असतात. एक बॅटरी इंजिन सुरू करण्यासाठी असते. ती काही सेकंदांपुरता शेकडो अँपिअरचा प्रवाह देते. दुसरी घरासाठी असते. ती दिवे, पंखा आणि पाण्याचा पंप यांना तासन् तास थोडा थोडा प्रवाह पुरवते. रात्रभर दिवे जळाले तरी सकाळी इंजिन सुरू व्हावे, म्हणून या दोन्ही व्यवस्था एरवी एकमेकींपासून तोडलेल्या असतात. त्यामुळे घरातला दिवा इंजिनाच्या बॅटरीविषयी काहीच सांगत नाही. शिवाय अनेक गाड्यांत बाहेरची वीज जोडल्यावर केवळ घराचीच बॅटरी भारित होते. महिनोन् महिने विजेला जोडलेली गाडीही सुरू होत नाही, ती यामुळेच.

उभ्या गाडीची बॅटरी उतरते कशी? घड्याळ, रेडिओची स्मृती आणि इंजिनाचा संगणक बंद गाडीतही थोडी वीज खात असतात. हा प्रवाह ५० मिलिअँपिअर धरला, तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास खर्च होतात आणि ६० दिवसांत ७२. एवढ्यात एखादी बॅटरी जवळजवळ रिकामी होते. त्यात कडाक्याची थंडी असेल, तर उरलेली शक्तीही क्षीण होते आणि पूर्ण उतरलेली बॅटरी गोठून फुटण्याचाही संभव असतो.

म्हणून पाने-पकडी हाती घेण्यापूर्वी कान द्यावा. किल्ली फिरवल्यावर 'टक्-टक्-टक्' असा जलद आवाज आला किंवा इंजिन कण्हत कण्हत फिरले, तर बॅटरी उतरली आहे अथवा तिची जोडणी सैल किंवा गंजलेली आहे, असे समजावे. काहीच आवाज नसेल, तर प्रथम डॅशबोर्डवरील दिवे पाहावेत. तेही विझलेले असतील, तर बॅटरी व तिचा मुख्य स्विच तपासावा; कित्येकदा हिवाळ्यापूर्वी आपणच तो बंद केलेला असतो. दिवे ठीक असतील, तर ब्रेकवर पाय ठेवून गिअर 'न्यूट्रल'मध्ये आणावा व पुन्हा प्रयत्न करावा. गाडी गिअरमध्ये असताना सुरू होऊ नये यासाठी बसवलेला स्विच बिघडला असल्यास ही युक्ती लागू पडते. इंजिन जोमाने फिरते पण पेट घेत नाही, अशा वेळी मात्र बॅटरीला दोष देऊ नये. इंधन किंवा ठिणगी यांचा तपास करावा.

अंदाजाची खातरजमा साध्या मल्टिमीटरने होते. विश्रांतीच्या स्थितीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली बॅटरी, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ किंवा त्याखाली म्हणजे उतरलेली. किल्ली फिरवताना आकडा ९.६ च्या खाली कोसळत असेल, तर ती आधी भारित करावी व पुन्हा तपासावी. बॅटरीपाशी आकडा उत्तम असूनही स्टार्टरपाशी तो बराच कमी भरत असेल, तर वीज वाटेतच अडते आहे, हे निश्चित. टर्मिनलवरचे पांढरट-हिरवट क्षार खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, पकड घट्ट करणे एवढाच उपाय तेव्हा पुरतो. यासाठी केबल काढताना ऋण टोक प्रथम सोडवावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे.

बॅटरी उतरलीच असेल, तर अनेक मोटारहोममध्ये चालकाजवळ एक बटण असते. ते दाबून धरले, की घराची बॅटरी इंजिनाच्या मदतीला येते. दुसऱ्या गाडीची मदत घ्यायची झाल्यास लाल केबलने दोन्ही धन टोके जोडावीत. मग काळ्या केबलचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे बंद इंजिनाच्या धातूला, बॅटरीपासून दूर जोडावे. बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडत असतो. शेवटच्या जोडणीची ठिणगी त्याच्या जवळ उडता कामा नये. गोठलेल्या बॅटरीवर हा प्रयोग मुळीच करू नये. गाडी भाड्याची असेल, तर आधी मालकाला दूरध्वनी करणेच इष्ट.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. आपल्या रस्त्यांवर अशी घरे घेऊन निघणाऱ्यांनाही हेच नियम लागू पडतात. गाडी दीर्घकाळ उभी करताना इंजिनाच्या बॅटरीचे ऋण टोक सोडवून ठेवावे किंवा तिला स्वयंचलित चार्जर जोडावा. अधूनमधून पाच मिनिटे इंजिन चालवल्याने मात्र फारसे साधत नाही. सुरू करताना खर्च झालेली वीजही तेवढ्यात पुरती भरून येईलच असे नाही.