कॅमेरा चांगला, संगणकही चांगला. मग फोटो अडकतो कुठे?

व्यापारी बंधूंनो, हल्ली माल पाहायला गिऱ्हाईक दुकानात येतोच असे नाही; मालाचा फोटोच त्याच्याकडे जातो. मालेगावच्या आमच्या दुकानात आम्ही साड्यांचे फोटो डिजिटल कॅमेऱ्याने काढतो, कारण रंग आणि काठ नीट दिसले नाहीत तर सौदा होत नाही. कॅमेऱ्यात वाय-फाय असल्याने फोटो वायरशिवाय संगणकात उतरतात. उतरतात तोवर मोठी सोय. अडले की मात्र हातातला सौदा जातो.

गेल्या लग्नसराईत हैदराबादच्या एका व्यापाऱ्याला संध्याकाळपर्यंत दोनशे फोटो पाहिजे होते. ऐन वेळी संगणकाला कॅमेरा सापडेना. फोटो काढणाऱ्या मुलावर आम्ही चारचौघांत ओरडलो. दुरुस्तीवाला म्हणाला, कॅमेरा खोलावा लागेल. शेवटी कसूर आमचाच निघाला. दोन दिवसांपूर्वी आम्हीच नवा राऊटर बसवला होता, त्यात 2.4 गिगाहर्ट्झचा बँड बंद होता, आणि आमचा कॅमेरा तेवढाच ओळखतो. मुलाची माफी मागितली, पण अर्धी ऑर्डर तोवर दुसरीकडे गेली होती.

माग थांबला की कारीगर आधी तुटलेला धागा पाहतो, मग कांडी, मग धोटा. एकदम मोटर खोलत नाही. इथेही तसेच क्रमाने पाहावे.

पहिले, कॅमेऱ्याची बॅटरी भरलेली असावी. बॅटरी वाचवण्यासाठी कॅमेरा आपोआप झोपतो आणि वाय-फाय तुटते; ती वेळ सेटिंगमध्ये वाढवावी. यूएसबी वायर जोडलेली असेल तर काढावी, कारण पुष्कळ कॅमेऱ्यांत वायर असताना वाय-फाय बंद राहते.

दुसरे, कॅमेरा आणि संगणक एकाच नेटवर्कवर आहेत का ते पाहावे. काही वेळा कॅमेरा स्वतःचेच नेटवर्क उभे करतो, तेव्हा संगणक त्यालाच जोडावा लागतो. पाहुण्यांसाठीचे 'गेस्ट' नेटवर्क वापरू नये. त्यात दोन यंत्रांना बहुधा एकमेकांशी बोलू दिले जात नाही.

तिसरे, राऊटर. 2.4 गिगाहर्ट्झचा बँड चालू असावा. सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए-3 ठेवली असेल तर जुने कॅमेरे जोडले जात नाहीत. डब्ल्यूपीए-2 ची सोयही ठेवावी. पासवर्ड बदलला असेल तर कॅमेऱ्यातील जुनी नोंद पुसून नव्याने जोडणी करावी.

चौथे, संगणक. विंडोजमध्ये आपल्या दुकानाचे नेटवर्क 'पब्लिक' असे नोंदले गेले असेल तर फायरवॉल कॅमेऱ्याला आत घेत नाही; ते 'प्रायव्हेट' करावे. व्हीपीएन चालू असेल तर थोडा वेळ बंद ठेवावे.

फोटो जातात पण रेंगाळतात, अशीही तक्रार असते. त्याचा हिशेब सोपा आहे. एक फोटो 10 एमबीचा धरला तर दोनशे फोटो 2,000 एमबी झाले. सेकंदाला 2 एमबी गेले तरी सुमारे 17 मिनिटे लागतात. रॉ फाइल त्याहून जड. गिऱ्हाइकाला दाखवण्यापुरती लहान जेपीईजी पुरते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आय-फाय नावाची वाय-फाय असलेली मेमरी कार्डे एके काळी खूप चालली. 2016 साली कंपनीने एक्स-2 आणि त्याआधीच्या कार्डांची सेवा बंद केली. कार्ड शाबूत असूनही लोकांची पंचाईत झाली. म्हणून सगळा भरवसा एकाच वाटेवर ठेवू नये. गल्ल्यात एक साधा कार्ड रीडर ठेवावा. बिनतारी वाट दहा मिनिटांत सुरू झाली नाही तर कार्ड काढून त्यात घालावे. फोटो संगणकात उघडून पाहिल्याशिवाय कार्ड मात्र पुसू नये.

गिऱ्हाइकाला दिलेली वेळ पाळणे हीच आपली पत. आणि कामावरच्या मुलावर ओरडण्याआधी राऊटरकडे एकदा पाहावे, एवढेच आमचे सांगणे.