सालीत दडलेली फसफस

बिअरला लिंबा-संत्र्याचा वास कुठून येतो, असं विचारलं की बहुतेकजण रसाचं नाव घेतात. रसात असतो आंबटपणा, वास सालीत. लिंबाची साल दुमडून दाबली की बारीक तुषार उडतात, तेच ते तेल. बेल्जियमच्या गव्हाच्या बिअरमध्ये म्हणूनच संत्र्याची सुकवलेली साल घालतात, आणि जोडीला धने. आपल्या मसाल्याच्या डब्यातले!

परवान्याशिवाय बिअर बनवायला १९४९च्या दारूबंदी कायद्याची मनाई आहे, तेव्हा ती हौस घरात नको. पण तिच्यातला जिवंतपणा अनुभवायचा तर आल्या-लिंबाचं फसफसतं पेय आहे. अठराव्या शतकापासून इंग्रज त्याला जिंजर बिअर म्हणत आले. गोटी सोड्यात गॅस बाहेरून भरतात, इथे तो बाटलीतच तयार होतो.

आलं मात्र मातीचं हवं. सातारा-कोरेगावकडच्या शेतातून आलेलं, सालीला अजून माती लागलेलं आलं मिळालं तर मी सोडत नाही. नुसतं खळबळून घ्यायचं, सोलायचं नाही, कारण यीस्ट त्या सालीवरच असतं. बरणीत कपभर पाणी, चमचाभर किसलेलं आलं, चमचाभर साखर. वर फडकं बांधायचं. रोज तेवढंच आलं आणि साखर घालून ढवळायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी बरणीला कान लावला की बारीक चुरचुर ऐकू येते. यीस्ट साखर खातं, कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि सोबत थोडं अल्कोहोलही. बाटलीत भरल्यावर थोड्याच दिवसांत थांबवलं तर अल्कोहोल अगदी थोडं राहतं. तरी मुलांना आणि गरोदर बाईला मी हे देत नाही.

मग दोन लिटर पाण्यात आलं आणि पाव किलोपेक्षा थोडी कमी साखर उकळून पूर्ण गार करायची. त्यात बरणीतलं अर्धी वाटी गाळलेलं पाणी, तीन लिंबांचा रस आणि वरवर किसलेली साल. गार झाल्यावरच, कारण उकळत्या पाण्यात तेल उडून जातं. कागदी लिंबाची साल इतकी पातळ असते की किसणी जरा जोरात फिरली की पांढरा भाग येतो आणि सगळं कडू होतं.

बाटली प्लास्टिकची घ्या, वर चार बोटं जागा सोडा. काचेची एकदा आमच्या ओट्यावर फुटली. तुकडे पार मोरीपर्यंत गेले होते. एप्रिलमधल्या सांगलीत बाटली एका दिवसात दगडासारखी कडक होते, महाबळेश्वरच्या थंडीत चार दिवस लागतील. दाबून बघायची, कडक झाली की लगेच फ्रिजमध्ये.

फिनलंडमध्ये १ मेच्या सणाला सिमा नावाचं लिंबाचं पेय घरोघरी करतात. तिथेही लिंबाची पिवळी साल घेतात, पांढरी काढून टाकतात, आणि बाटलीत चार मनुका सोडतात. ते वाचल्यापासून मी तासगावचे बेदाणे वापरते. गंधकाची धुरी दिलेले पिवळेधमक नकोत, ती यीस्टला मारक असते, काळे घ्यावेत. सुरुवातीला ते तळाशी पडून असतात. मग सुरकुत्यांना बुडबुडे चिकटू लागतात, एखादा हलतो, अर्ध्यावर येऊन परत बुडतो. सगळे वर आले की पेय तयार.