शस्त्रक्रियेनंतरचे दहा दिवस

ताप्तीच्या खोऱ्यातून जाणारा लोहमार्ग जळगाव, अमळनेर, नंदुरबार, नवापूर ही गावे मागे टाकीत उधन्यास येऊन पोचतो. या मार्गाने पोटापाण्यासाठी आलेली खानदेशातील पुष्कळ मराठी कुटुंबे सुरतेच्या नवागाम, दिंडोली, लिंबायत या वस्त्यांत स्थिरावली. घर लहान, माणसे अधिक आणि मागावरच्या पाळ्यांचा दिनक्रम, असे तेथील जीवन असते. अशाच एखाद्या घराच्या उंबऱ्याशी एके दिवशी रस्त्यावरचे कुत्रे येऊन बसते. भाकरीचा तुकडा मिळतो, मुले त्याला नाव ठेवतात आणि महिन्याभरात ते घरचेच होते. पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने त्याची नसबंदी करून आणतात. संध्याकाळी गोणपाटावर निजवून आणलेला तो गुंगीतला जीव पाहिला म्हणजे घरच्यांना प्रश्न पडतो, की आता याचे करावयाचे काय?

शस्त्रक्रियेचे काम साधारणतः तासाभराच्या आत आटोपते. जखम भरून येण्यास मात्र दहा ते चौदा दिवस लागतात, आणि त्या काळातील यशापयश बहुतांशी घरच्या माणसांच्या हाती असते. बाळंतिणीचे पहिले दहा दिवस कसे सांभाळावेत हे ज्या घरातील वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे, त्या घराला ही शुश्रूषा अवघड वाटू नये.

ही शस्त्रक्रिया करावयाची कशासाठी? कुत्री साधारणतः दर सहा महिन्यांनी माजावर येते, सुमारे नऊ आठवड्यांत विते आणि एका वेतात अनेक पिल्ले देते. त्यांतील कित्येक पिल्ले रस्त्यावरच मरतात. १८३२ साली मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमाविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला होता, इतका हा प्रश्न जुना आहे. मारण्याऐवजी नसबंदी आणि रेबीजची लस हा मार्ग २००१ च्या केंद्रीय नियमांनी घालून दिला व २०२३ च्या नव्या नियमांनी तो पुढे चालविला. मादीच्या शस्त्रक्रियेत पोट उघडून बीजकोश आणि बहुधा गर्भाशयही काढतात. नराचे वृषण काढतात. त्यामुळे मादीची जखम अधिक खोल असते आणि तिला अधिक जपावे लागते.

पहिली रात्र गुंगीची असते. गुंगीच्या औषधाने शरीराची ऊब राखण्याची शक्ती मंदावते. म्हणून सुरतेच्या उकाड्यातही कुत्र्याला पंख्याच्या झोतात किंवा ओल्या फरशीवर निजवू नये. कोरडी गोधडी जमिनीवरच अंथरावी. खाटेवर किंवा जिन्याजवळ ठेवल्यास झोकांडी जाऊन ते पडण्याचा संभव असतो. पूर्ण शुद्धीवर आल्यानंतर प्रथम घोटभर पाणी द्यावे. ते उलटले नाही, तर नेहमीच्या निम्मे असे हलके अन्न, उदाहरणार्थ थोडा मऊ भात, द्यावे. घरातील उरलेसुरले कालवण मात्र देऊ नये. त्यातील कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्ताला अपायकारक असतात.

जखम भरते कशी, हे समजले म्हणजे निष्कारण भीती वाटत नाही आणि निष्काळजीपणाही होत नाही. प्रथम रक्त साकळून जखमेचे तोंड बंद होते. पुढील दोन-तीन दिवस तेथे थोडी लाली व किंचित सूज दिसते. शरीराने दुरुस्तीचे काम हाती घेतल्याची ती खूण होय. त्यानंतर आत नवे मांस धरू लागते आणि कडा जुळतात. बाहेरचे टाके असल्यास ते दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास काढतात. परंतु वरून साफ दिसणारी ही त्वचा आतून अद्याप कच्चीच असते. मूळची बळकटी येण्यास कित्येक आठवडे जातात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुत्रे उड्या मारू लागते आणि घरच्यांना वाटते की ते बरे झाले. वस्तुतः याच दिवसांत टाके तुटण्याचे भय अधिक असते. म्हणून टाके निघेपर्यंत त्याला दोरीने बांधूनच विधीपुरते बाहेर न्यावे, धावू देऊ नये आणि इतर कुत्र्यांशी झोंबू देऊ नये.

कुत्र्याने जखम चाटली म्हणजे ती लवकर बरी होते, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो घातक आहे. जिभेच्या घर्षणाने कडा उकलतात, दातांनी टाके निघतात आणि तोंडातील जंतू जखमेत शिरतात. पशुवैद्य गळ्यात नरसाळ्यासारखी गळपट्टी देतात ती याचकरिता. कुत्रे तिला प्रथम विरोध करते, भिंतीला धडकते. दयेपोटी ती काढू नये. खाताना कोणी समोर बसणार असेल तेवढ्यापुरतीच ती सोडावी.

दुसरा शत्रू म्हणजे माशी. विशेषतः पावसाळ्यात उघड्या, ओलसर जखमेवर माशी अंडी घालते आणि एखाद्या दिवसातच त्यांतून अळ्या बाहेर पडतात. यासाठी कुत्र्याची जागा कोरडी व स्वच्छ ठेवावी, दिवसातून दोनदा उजेडात जखम पाहावी आणि टाके निघेपर्यंत अंघोळ घालू नये. हळद, तेल, राख, रॉकेल यांपैकी काहीही जखमेवर लावू नये. पशुवैद्याने सांगितले असेल तेवढेच औषध लावावे.

पोटात द्यावयाच्या औषधांबाबत तर अधिकच सावध राहिले पाहिजे. माणसांसाठी घरात ठेवलेल्या पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्यांनी कुत्र्याच्या यकृतास, जठरास वा मूत्रपिंडास गंभीर इजा होऊ शकते. दुखणे कमी करण्याचे औषध पशुवैद्याकडूनच घ्यावे, आणि दिलेल्या गोळ्या कुत्रे बरे दिसू लागले म्हणून मध्येच थांबवू नयेत.

नव्याने घरी आणलेल्या कुत्र्याची एक निराळी अडचण असते. रस्त्यावर दुबळेपणा दाखविणे म्हणजे मार खाणे. म्हणून असे कुत्रे आपले दुखणे लपविते. ते कोपऱ्यात जाऊन बसले, तर ते रुसले असे समजू नये. त्याला घराची अजून पुरती ओळख नसते आणि माणसावरचा विश्वासही कच्चा असतो. लहान मुलांना प्रेमाने मिठी मारावीशी वाटते, पण दुखऱ्या जागी हात लागल्यास शांत कुत्रेही दात लावते. कोणाला चावलेच, तर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. औषध व अन्न शक्यतो एकाच माणसाने द्यावे. त्या माणसाच्या पावलांशी कुत्र्याचा विश्वास जोडला जातो.

काही लक्षणे दिसताच मात्र वाट पाहू नये. जखमेतून रक्त ठिबकत राहणे, पू किंवा दुर्गंधी येणे, कडा उघडणे, पोट फुगणे, हिरड्या पांढरट पडणे, वारंवार उलट्या होणे, चोवीस तासांहून अधिक काळ अन्न न घेणे अथवा लघवी न होणे, ही ती लक्षणे होत. नराच्या अंडकोशाच्या पिशवीस थोडी सूज येते. ती वाढत जाऊन टणक झाली, तर दाखविलेच पाहिजे. हिरड्या पांढऱ्या पडून कुत्रे मलूल झाले असेल, तर आत रक्तस्राव होत असण्याचा संभव असतो. तेथे सकाळपर्यंत थांबणेही महागात पडते. मग पाळी रात्रीची असो वा दिवसाची, कोणीतरी निघालेच पाहिजे.

टाके निघाल्यावर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नराच्या शरीरात पूर्वीचे बीज काही आठवडे टिकू शकते, म्हणून महिना-दीड महिना त्याला माजावरील मादीपासून दूर ठेवावे. तसेच नसबंदीनंतर शरीराची अन्नाची गरज कमी होते. पूर्वीइतकेच खाऊ घातल्यास कुत्रे स्थूल होते. रेबीजची लस राहिली असल्यास ती याच सुमारास टोचून घ्यावी आणि पुढेही वेळच्या वेळी देत जावी.

दत्ताच्या तसबिरीत त्याच्या पायांशी चार कुत्री दिसतात, आणि त्या तसबिरीला मराठी घरात रोज हात जोडले जातात. उंबऱ्याशी आलेल्या पाचव्यासाठी फार मोठे काही करावयाचे नसते. कोरडी जागा, वेळेवर औषध, दिवसातून दोनदा जखमेवर नजर आणि दहा दिवसांचा धीर, एवढे पुरते. हे मिळाले, तर अकराव्या-बाराव्या दिवशी गळपट्टी उतरते आणि कालपर्यंत रस्त्याचे असलेले ते जनावर उंबरा ओलांडून आपणहून आत येऊन बसते.