भिंत कोणाची, चित्र कोणाचे?

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात एक नाव खरवडलेले आहे : जॉन स्मिथ, २८ एप्रिल १८१९. शिकारीसाठी आलेल्या या इंग्रज अधिकाऱ्याने ते थेट चित्रावरच कोरले. लेण्यांतील शिलालेख दात्यांची नावे सांगतात. कुंचला धरणाऱ्यांची मात्र नाही. चित्र बिघडवणारा ठाऊक आणि चित्र काढणारा अज्ञात, असा हा विपरीत न्याय आहे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये महिला-२० बैठकीच्या निमित्ताने छत्रपती संभाजीनगरातील भिंती रंगल्या, तेव्हा हाच प्रश्न पुन्हा समोर आला. त्याआधी २०१२ मध्ये पुण्याच्या कसबा पेठेत हर्षवर्धन कदम यांच्या पुढाकाराने वाड्यांच्या भिंती बोलू लागल्या होत्या. २०१४ मध्ये मुंबईत वांद्र्याला एमटीएनएलच्या इमारतीवर रणजित दहिया आणि सहकाऱ्यांनी दादासाहेब फाळके साकारले.

अजिंठ्याच्या कारागिरांनी खडबडीत दगडावर माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा दिला, त्यावर चुन्याचा पातळ हात फिरवला आणि तो वाळल्यावर रंग भरले. त्या चित्रांवर डोंगराचे छप्पर होते. रस्त्यावरच्या चित्राला ते नाही. भेगा बुजवून, अस्तर देऊन, बाहेरच्या भिंतीचा अ‍ॅक्रिलिक रंग लावला तरी ऊन त्याचा तजेला उडवते आणि आत मुरलेली ओल पापुद्रे सोडवते. लहान कागदावरचे चित्र चौकटी आखून भिंतीवर वाढवायचे, परातीवर चढून रंगवायचे. तिथून समोर दिसतो तो केवळ रंगाचा एक पट्टा. डोळा नीट आला की नाही, हे खाली उतरून, रस्ता ओलांडल्यावरच कळते.

एवढे कष्ट एका दिवसाच्या रंगसफेदीत पुसले जाऊ शकतात. कारण भिंत एकाची आणि चित्र दुसऱ्याचे असते. परवानगीविना सार्वजनिक दर्शनी भिंत रंगवणे महाराष्ट्रात १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पण परवानगीने रंगवलेल्या चित्रावरही चित्रकाराचा हक्क उरतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ सांगते, की स्वामित्वहक्क विकल्यावरही कर्तेपण सांगण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधक अशा मोडतोडीस हरकत घेण्याचा अधिकार कलावंताकडेच राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सहगल यांचे कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवले गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याचे अवशेष त्यांना परत देण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला.

बजाजनगर ही वाळूज औद्योगिक वसाहतीतील कामगारांची वस्ती. इथल्या एखाद्या शाळेने किंवा गृहनिर्माण संस्थेने भिंत रंगवून घ्यायची ठरवली, तर मजुरीबरोबर आणखी तीन गोष्टी कागदावर याव्यात : कोपऱ्यात चित्रकाराचे नाव आणि वर्ष, डागडुजी कोणी करायची, आणि भिंत पुन्हा रंगवण्याआधी त्याला कळवून चित्राचे छायाचित्र जपून ठेवणे. त्याला खर्च फारसा लागत नाही.