पत्र्याच्या कारखान्यातलं गाणं

आमच्या भिवंडीत ‘मेटल ऐकतो’ म्हटलं की समोरचा आधी भंगाराचा भाव विचारतो. त्याचं चुकत नाही. इथे आवाज म्हणजे लूमची खटखट. ती इतकी अंगवळणी पडलेली, की रात्री लाइट गेली आणि माग थांबले की त्या शांततेनेच आमची झोपमोड होते.

हेवी मेटलचं पहिलं गाणं कुठलं, यावरून फॅन मंडळी एकमेकांची डोकी फोडतील. पण बहुतेकांचं बोट शेवटी ‘ब्लॅक सॅबथ’कडेच जातं. बँडचं, अल्बमचं आणि गाण्याचं, तिन्हींचं नाव तेच. आणि हे गाणं जन्मलं आपल्यासारख्याच एका कारखान्यांच्या गावात, बर्मिंगहॅमला. पोरं कामगारवस्तीतली. गायक ऑझी ऑस्बर्नने तर कत्तलखान्यातही काम केलेलं.

गिटारिस्ट टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा. वय १७. बँडसोबत युरोपला जायचं ठरलेलं, म्हणून तो नोकरीचा शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला घरी आला आणि म्हणाला, आता परत जात नाही. आईने बजावलं, दिवस पुरा करून ये. (आया सगळीकडे सारख्याच!) त्या दिवशी प्रेसवर नेहमी बसणारं कुणी आलं नव्हतं, म्हणून याला तिथे बसवलेलं. उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. पठ्ठ्या डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच.

घरी खचून बसला होता, तेव्हा कारखान्याचा फोरमन एक रेकॉर्ड घेऊन आला. जँगो राइनहार्टची. आगीत हात भाजल्यावर दोनच बोटांनी सुरावट वाजवणारा हा गिटारिस्ट. ते ऐकून टोनी उठला. प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं लावलं. जाड तारा दाबवेनात, म्हणून बँजोच्या बारीक तारा चढवल्या. पुढे १९७१च्या अल्बममध्ये त्याने गिटारचा सूरच खाली उतरवला. तारा सैल झाल्या, आवाज आणखी जड झाला. आज जगभरची मेटलवाली पोरं गिटार खाली उतरवतात, ती या वाटेनेच.

गाणं सुरू होतं पावसाने, गडगडाटाने आणि घंटेच्या टोल्याने. मग तीनच स्वर. आपल्या भाषेत सा, वरचा सा आणि तीव्र मध्यम. युरोपात सा आणि तीव्र मध्यम यांच्यातल्या अंतराला सैतानाचं अंतर म्हणायचे. आपल्याकडे त्याच तीव्र मध्यमावर यमन उभा राहतो आणि संध्याकाळ गोड होते! सैतान स्वरात नसतोच, तो कसा वाजवला यात असतो. टोनीने तो संथ, एकेक घाव घालत वाजवला.

अख्खा अल्बम एका दिवसात रेकॉर्ड झाला आणि १३ फेब्रुवारी १९७० रोजी, शुक्रवारी आला. समीक्षकांनी झोडपला, लोकांनी ब्रिटनच्या यादीत ८व्या नंबरवर नेला. पुढे मेटालिकापासून आपल्या मुंबईच्या ‘भयानक मौत’, ‘डेमॉनिक रिझरेक्शन’पर्यंत सगळे याच घराण्यातले. ५ जुलै २०२५ला ऑझी आपल्याच ॲस्टन भागातल्या व्हिला पार्कवर, सिंहासनात बसून, शेवटचं गायला. १७ दिवसांनी गेला.

त्या आठवड्यात मी हे गाणं बाबांना ऐकवलं. बाबा लूमवर जॉबर होते, तीस वर्षं. आता कमी ऐकू येतं, त्यामुळे आमच्या घरात सगळेच मोठ्याने बोलतात. इअरफोन कानात घालून फुल आवाज केला. आधी त्यांनी खिडकीकडे बघितलं, पाऊस आला का म्हणून. मग गिटार सुरू झाली आणि त्यांची मान डोलायला लागली, अगदी ठेक्यात.

गाणं संपल्यावर मी बोटांची गोष्ट सांगितली. प्रेस, टोपणं, रेकॉर्ड, सगळं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, आपल्या डाव्या हाताच्या अर्ध्या तर्जनीवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, “भरपाई दिली का रे मालकाने त्याला?”