खिडकीतला रुमाल आणि पाटीवरची अक्षरे

एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची युक्ती महाराष्ट्रात प्रथम कोणाला सुचली, याची नोंद कुठे सापडत नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली, तेव्हा प्रवाशांच्या खिशात रुमाल होतेच. त्यामुळे या युक्तीचे वय एस.टी.च्या वयाहून फार कमी नसावे. करमाळ्याच्या स्थानकावर ही कला आजही पूर्ण भरात पाहायला मिळते. करमाळा तालुक्याच्या एका अंगाला आपले जुने नगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, एका अंगाला पुणे आणि एका अंगाला धाराशिव, अशा तीन जिल्ह्यांच्या कडा भिडतात. पण रेल्वे काही गावात येत नाही. ती जेऊर, केम या बाजूने निघून जाते. त्यामुळे कोर्टाची तारीख असो, लेकीचे बाळंतपण असो, की पुण्यातली नोकरी, करमाळेकराला एस.टी.च्या फलाटावर यावेच लागते.

गाडी अजून फलाटाला लागायची असते. मागे येता येताच तिच्या दोन्ही अंगांना माणसे धावू लागतात. खिडक्यांतून रुमाल, टॉवेल, पिशव्या, टोप्या आत पडतात. क्वचित एखादे पोरही आत सोडले जाते आणि त्याला हात पसरून दोन सीट अडवायला सांगितलेले असते. मग दाराशी रेटारेटी. आत शिरलेला माणूस मोकळी सीट बघतो, तिच्यावर घडी मोडलेला रुमाल दिसतो आणि तो मुकाट्याने पुढे सरकतो. या रुमालाला कायद्याचा काडीइतका आधार नाही. तरीही त्याला जो मान मिळतो तो भल्याभल्या सरकारी शिक्क्यांना मिळत नाही. कोणी चुकून त्यावर बसलाच, तर "रुमाल दिसत न्हाय का?" असा प्रश्न येतो आणि आजूबाजूचे चार जण मालकाच्या बाजूने साक्ष द्यायला तयार असतात. "व्हय व्हय, त्यांनीच टाकला हुता, आमी बघितलाय."

आता त्याच गाडीत खिडकीच्या वरच्या पट्टीवर रंगाने लिहिलेली अक्षरे पाहा. महिलांसाठी राखीव. ज्येष्ठ नागरिक. स्वातंत्र्यसैनिक. आमदारांसाठीही जागा राखून ठेवलेली असते. तिच्यावर कोणी बसले तर आमदारांची गैरसोय झाल्याचे उदाहरण शोधायला दिवा घेऊन फिरावे लागेल, म्हणून ती सोडून देऊ. आणि एक अक्षर असते ते पूर्वी 'अपंग' असे होते, आता 'दिव्यांग' असे आहे. २०१५च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये हा शब्द सुचवला आणि पुढे पाट्या बदलत गेल्या. अक्षरे बदलली, पण त्यांच्याखाली बसणारा गृहस्थ तोच राहिला. त्याचे हातपाय शाबूत असतात, मांडीवर पिशवी असते आणि गाडी सुटण्याआधीच त्याला झोप लागलेली असते.

रुमालाला मान आणि पाटीला नाही, असे का व्हावे? आपली माणसे अडाणी आहेत, हे उत्तर मला पटत नाही. पाटी वाचता येणारेच तिच्याखाली बसतात. मला वाटते, रुमालामागे एक माणूस असतो आणि तो आत्ता येणार असतो. येऊन तो भांडेल, आवाज चढवेल, प्रसंगी बखोट धरेल. पाटीमागचा माणूस येईलच असे नाही. आलाच तर तो सगळ्यांत शेवटी येईल, एका हाताने दांडी आणि दुसऱ्या हाताने कुबडी धरून, आणि त्याच्यात भांडायची ताकद उरलेली नसेल. आपण मान देतो तो हक्काला देत नाही, भांडणाच्या शक्यतेला देतो.

खेड्यापाड्यांतून एस.टी.ने फिरणाऱ्या अपंग माणसांत पोलिओ होऊन गेलेल्यांची संख्या डोळ्यांत भरते. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मध्ये सापडला आणि मार्च २०१४मध्ये आपला विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. म्हणजे नवी पिढी वाचली; पण जी पिढी वाचली नाही ती आता चाळिशी-पन्नाशीत आहे, आणि जो पाय विशीत निभावून नेत होता तो या वयात दगा देऊ लागला आहे. असा माणूस गाडीत चढतो. त्याची जागा समोर दिसते आणि ती भरलेली असते. तो काही बोलत नाही. कुबडी जरा पुढे करून उभा राहतो, जणू ती कुबडीच अर्ज करील.

यानंतरचे दृश्य बघण्यासारखे असते, आणि त्यात बसलेल्या माणसापेक्षा बघणारी माणसे जास्त बघावीत. बहुतेकांना एकाएकी खिडकीबाहेरच्या उसाच्या रसाच्या गाड्यात रस वाटू लागतो. मागच्या बाकावरून कोणीतरी "अहो, उठा की कुणीतरी!" असे म्हणतो; म्हणणारा स्वतः बसलेलाच असतो. हे 'कुणीतरी' मराठीतले सर्वांत सोयीचे सर्वनाम असावे. शेवटी पाचव्या-सहाव्या बाकावरचा एखादा कॉलेजचा मुलगा उठतो आणि म्हणतो, "काका, इथं बसा." काका हेलकावे खात तिथवर जातात, बसतात, मुलाला आशीर्वाद देतात. गाडीभर समाधान पसरते. राखीव जागेवरचा गृहस्थ तेवढ्यापुरता उघडलेला डोळा परत मिटतो.

त्या मुलाबद्दल मला आदरच आहे. पण त्याच्या भलेपणाने एक गोष्ट नकळत होऊन जाते. जी जागा काकांच्या हक्काची होती ती मिळाली नाहीच. मिळाली ती दयेची. प्रश्न मिटला म्हणून बाकीचे सुटले आणि ज्याने उठायचे होते तो तर सर्वांत आधी सुटला. उद्या काका पुन्हा याच गाडीत चढतील तेव्हा त्यांना पुन्हा एखादा भला मुलगाच शोधावा लागेल.

जागा मागणे हे काय दिव्य असते, यावर अमेरिकेत एक गंमतीदार प्रयोग झालेला आहे. स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकाच्या आरंभी आपल्या विद्यार्थ्यांना न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत पाठवले. काम सोपे होते: धडधाकट तरुणाने बसलेल्या प्रवाशासमोर उभे राहायचे आणि कोणतेही कारण न देता त्याची जागा मागायची. लोक हसतील, भांडतील, असे सर्वांना वाटत होते. प्रत्यक्षात ६८ टक्के लोक उठले किंवा सरकले. पण खरी मौज पुढेच आहे. विद्यार्थ्यांना मागणेच जमेना. खुद्द मिलग्रॅम मागायला गेले तेव्हा त्यांच्या घशातून शब्द फुटेना. आणि जागा मिळाल्यावर आपण खरोखरच आजारी आहोत असे दाखवण्यासाठी त्यांना मान खाली घालून बसावेसे वाटले. धडधाकट प्राध्यापकाची ही गत. ज्याला रोज, प्रत्येक गाडीत, आपले व्यंग पुढे करून तीच मागणी करायची आहे, तो चाळीस किलोमीटर उभ्याने का जातो, हे मग वेगळे सांगायला नको.

बघ्यांचेही शास्त्र त्याच सुमारास मांडले गेले. १९६८ साली जॉन डार्ली आणि बिब लाताने यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. शेजारच्या खोलीत कोणालातरी झटका आल्याचा आवाज ऐकवला. ऐकणारा आपण एकटेच आहोत असे समजत होता तेव्हा ८५ टक्के लोक वेळेत मदतीला उठले. आणखी चार जण ऐकत आहेत असे वाटले की हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आले. भरलेल्या एस.टी.त तर पन्नास-साठ जण ऐकत असतात.

पण हे शास्त्र आपल्याकडे पूर्ण लागू पडत नाही असे मला वाटते. आपण सरसकट गप्प बसत नाही. माणूस बघून गप्प बसतो. राखीव जागेवर कडक इस्त्रीचे पांढरे कपडे बसले असतील तर गाडी शांत असते. तिथेच ऊसतोडीवरून परतलेला एखादा दमलेला मजूर बसला असेल, तर कायदा सांगणारे चहूबाजूंनी निघतात. "ए, ऊठ! वाचता येत न्हाय व्हय?" आषाढीला संत निवृत्तिनाथांची पालखी याच तालुक्यातून पंढरपूरला जाते. त्या वाटेवर जो तो एकमेकांना 'माउली' म्हणतो, पाया पडतो. तीच माणसे पंढरपूरच्या स्थानकावर परतीची गाडी धरतात तेव्हा माउली कुणीकडे जातात, ते एकदा जाऊन बघावे.

आणखी एक गुंता अलीकडे वाढला आहे. ऑगस्ट २०२२मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३पासून महिलांना अर्धे तिकीट. दोन्ही निर्णय चांगलेच झाले. ज्या म्हातारीने वर्षानुवर्षे तुळजापूर पाहिले नव्हते ती आता निघते. पण गाडीतली सीट काही वाढली नाहीत. त्यामुळे आता एकाच राखीव जागेपाशी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आजोबा, कडेवर तान्हे असलेली सून आणि कुबडीवाले काका असे तिघे उभे राहतात, आणि तिघांचेही म्हणणे खरे असते. इथे मात्र गाडी गप्प बसत नाही. इथे सगळे न्यायाधीश होतात. दुबळ्यांचे एकमेकांशी लागलेले भांडण सोडवायला आपल्याला भारी आवडते. तेवढ्यात शेजारच्या तिघांच्या बाकावरच्या तीन तरण्याबांड पोरांकडे कोणाचे लक्ष जात नाही.

बघ्यांचा आवाज कधी कधी अगदी उलट्या ठिकाणी फुटतो, ते तर अधिक वाईट. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे होती. २०१६चा नवा कायदा १९ एप्रिल २०१७पासून लागू झाला आणि त्यात ती एकवीस झाली. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल, पार्किन्सन असे आजार त्यात आले. यातले कितीतरी आजार चेहऱ्यावर दिसत नाहीत. थॅलेसेमियाची एखादी विशीतली मुलगी रक्त चढवायला निघालेली असते. ती आपल्या हक्काच्या जागेवर बसली की लगेच कुजबुज सुरू होते. "दिसायला तर चांगली धडधाकट हाय." मग कोणीतरी दाखला मागतो. कंडक्टरने ओळखपत्र पाहून सवलतीचे तिकीट फाडलेले असते, तरीही शेजारच्याला ते पुन्हा पाहायचे असते. ज्याने कुणाचाच दाखला कधी मागितला नाही, त्याला इथे अचानक शिस्त आठवते. या मुलीला पुढच्या वेळी ती जागा नकोशी होते, हे मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे.

गाडीबाहेरही हेच चालते. मोठ्या शहरांत चाकाच्या खुर्चीचे निळे चित्र रंगवलेल्या चौकटी असतात. हे चित्र १९६८ साली सुसान कोफोड या डॅनिश विद्यार्थिनीने काढले. मूळ चित्रातल्या माणसाला डोकेच नव्हते. ते नंतर बसवले गेले. आपल्याकडच्या बांधकाम नियमांतही इमारतीच्या दारापासून ३० मीटरच्या आत अशा दोन गाड्यांची जागा हवी आणि ती ३.६ मीटर रुंद हवी, असे सांगितले आहे. ही जास्तीची रुंदी चैनीसाठी नसते. दार पूर्ण उघडून चाकाची खुर्ची बाजूला लावता यावी म्हणून ती असते. मॉलमध्ये ती जागा नेमकी ऐसपैस म्हणून सर्वांत मोठी गाडीच तिथे घुसते.

तालुक्याच्या गावी निळ्या चौकटी शोधत बसू नये. इथली राखीव जागा म्हणजे कार्यालयाच्या नाहीतर बँकेच्या दाराशी केलेला उतार. एकास बारा असे त्याचे प्रमाण असावे लागते. म्हणजे एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी. प्रत्यक्षात तो बऱ्याचदा घसरगुंडीसारखा असतो, तो भाग वेगळा. पण जसा आहे तसा तो मोटारसायकलींनी भरलेला असतो. एमएच १३, एमएच ४५, सगळ्या गुण्यागोविंदाने. उतारावर गाडी चढवायला सोपी, वर पत्र्याची सावली, आणि हँडल लॉक करून मालक आत रांगेत उभा. तीनचाकी स्कूटरवरून आलेला माणूस बाहेर हॉर्न वाजवत राहतो. पहारेकरी म्हणतो, "दोन मिनिटं थांबा, येतीलच." १ मे २०१७पासून मंत्र्यासंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे गेले खरे; पण आपल्यासाठी नेहमीच दोन मिनिटे माफ असतात, ही समजूत दिव्याबरोबर उतरली नाही.

आमच्या भागातली बरीच मुले परदेशी आहेत. ती सुट्टीला आली की तिकडच्या शिस्तीच्या कथा सांगतात. निळ्या चौकटीत गाडी लावली तर शेकडो डॉलर दंड, आणि येणारा-जाणारा टोकतो ते निराळेच. इंग्लंडात तर अपंगांच्या गाड्यांसाठी बिल्ल्याची पद्धत १९७१ सालापासून आहे. आधी बिल्ला नारिंगी होता, २००० सालापासून निळा झाला. मात्र तिथेही मेलेल्या आजीचा बिल्ला लावून गाड्या उभ्या करणारे नातू सापडतात, तेव्हा आपणच तेवढे वाईट असे मानायचे कारण नाही. आपल्या २०१६च्या कायद्यातही अपंगांसाठीचा लाभ खोटेपणाने घेतल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पण डुलकी घेत बसलेल्या प्रवाशाला हे कलम कोण वाचून दाखवणार? कंडक्टरच्या हातात तिकिटाचे यंत्र, खांद्याला पैशांची पिशवी, पुढच्या थांब्यापर्यंत साठ तिकिटे फाडायची. तो दोनदा सांगतो, तिसऱ्यांदा पुढे सरकतो.

तरीही काही कंडक्टर फार साधा उपाय करतात. बेल मारण्याआधी ते पाटीखाली उभे राहून मोठ्याने विचारतात, "ह्या जागेचं कोण हाय का? मागं उभं असंल तर फुडं या." सगळ्या गाडीदेखत विचारले की बसलेला माणूस बहुधा आपणहून उठतो. कुबडीवाल्याला मागावे लागत नाही आणि कोणाला उपकारही करावे लागत नाहीत.

असा कंडक्टर रोज भेटत नाही, म्हणून नेहमी ये-जा करणाऱ्या काही अपंग प्रवाशांनी आपल्यापुरता तोडगा काढला आहे. गाडी मागे येऊ लागली की ते फलाटावरच्या एखाद्या शाळकरी पोराला हाक मारतात. त्याच्या हातात रुमाल देतात आणि पाटीखालची, आपलीच, राखीव असलेली सीट बोटाने दाखवतात. पोरगा धावतो आणि नेमका तिथे रुमाल टाकतो. रुमाल चांगला मोठा आणि पिवळा असतो, दारातून दिसेल असा.