स्केल्टनच्या मंदिरांतील रंगीत कांचा

रंगीत कांचेची खिडकी बाहेरून पाहिली असतां मन खट्टू होतें. मळकट, काळसर तुकडे आणि त्यांभोंवतीं शिशाच्या रेघांचें जाळें. चित्र कशाचें तें उमगत नाहीं. तीच खिडकी मंदिराच्या आंत उभें राहून पाहिली म्हणजे निळ्या-तांबड्या प्रकाशानें उजळून निघते. इंग्लंडांत पूर्वीं श्रीमंत लोक मृतांच्या नांवानें संगमरवरी शिळा बसवीत. त्यांऐवजीं खिडकी द्यावी, म्हणजे स्मरणही राहील आणि मंदिराची शोभाही वाढेल, हा विचार १८४० नंतर बळावला. १८४५ सालीं कांचेवरील कर उठल्यानें त्यास हातभारच लागला आणि व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दींत खेडोपाडीं अशा खिडक्या दिसूं लागल्या. त्यांपैकीं एका मंदिराची हकीकत आम्ही येथें देत आहों.

यॉर्कशायरमध्यें यूर नदीजवळ स्केल्टन नांवाचें खेडें आहे. तेथील न्यूबी हॉल या वाड्यांत लेडी मेरी व्हायनर राहात. त्यांचा मुलगा फ्रेडरिक १८७० च्या एप्रिलांत ग्रीस देशीं मॅराथॉनची रणभूमि पाहून परतत असतां दरोडेखोरांच्या हातीं सांपडला. बायकांना त्यांनीं सोडून दिलें. खंडणी आणण्यासाठीं पुरुषांपैकीं एकास सोडावयाचें ठरलें, तेव्हां चिठ्ठी फ्रेडरिकच्या नांवाची निघाली. पण त्यानें ती संधि आपल्या विवाहित सोबत्यास दिली, असें सांगतात. दरोडेखोरांस पैशांबरोबर माफीही हवी होती. ती देण्यास ग्रीक सरकार राजी नव्हतें. सैन्य पाठलागावर निघालें आणि २१ एप्रिल रोजीं डिलेसीजवळ फ्रेडरिक व त्याचे तीन सोबती ठार झाले. तो अवघा २३ वर्षांचा होता.

मुलासाठीं जमविलेली खंडणी घरींच राहिली. तीच आईनें मंदिराच्या कामीं लाविली, अशी तिकडील समजूत आहे. १८७१ सालीं आरंभ होऊन १८७६ पर्यंत तें पुरें झालें. नांव ठेविलें 'सांत्वनकर्ता ख्रिस्त'. हें नांव मृत मुलापेक्षां मागें राहिलेल्या आईकडे पाहूनच निवडलें असावें, असें आम्हांस वाटतें.

शिल्पकार विल्यम बर्जेस. मुंबईच्या कलाशाळेसाठींही त्यानें १८६६ सालीं आराखडा केला होता. ती इमारत मात्र उठली नाहीं. खिडक्यांचीं चित्रें फ्रेड वीक्स यानें काढिलीं व कांचकाम सॉंडर्स कंपनीनें केलें.

अठराव्या शतकांतील कारागीर पांढऱ्या कांचेवर कापडावर काढावें तसें चित्र रंगवीत, त्यामुळें उजेड अडे. चार्ल्स विन्स्टन या अभ्यासकानें जुन्या कांचेचें रासायनिक पृथक्करण करविलें आणि प्राचीनांचा रंग कांचेच्या अंगांतच असे, हें पुन्हां ध्यानांत आलें. वितळलेल्या कांचेंत कोबाल्ट घातलें कीं निळा, मँगेनीज घातलें कीं जांभळा, तांब्यानें हिरवा अथवा तांबडा रंग येतो. तांबडी कांच जाड झाली तर काळीच दिसते. म्हणून पांढऱ्या कांचेवर तिचा पातळ थर चढवितात. पूर्ण आकाराच्या चित्रावरून तुकडे कापावयाचे, चेहरा व वस्त्रांच्या चुण्या लोखंडाच्या भस्माच्या रंगानें रेखून भट्टींत भाजावयाच्या, पाठीमागें चांदीचा क्षार लावून पिवळी छटा आणावयाची. मग शिशाच्या खोबणीदार पट्ट्यांत तुकडे बसवून सांधे डांकावयाचे. या काळ्या रेघा दोष नव्हेत. चांगला कारागीर त्या बाहूच्या किंवा झग्याच्या कडेवरूनच नेतो, आणि खरें कसब येथेंच दिसतें.

फ्रेडरिकची बहीण हेन्रिएटा ही लॉर्ड रिपन यांची पत्नी. १८८२ सालीं स्थानिक स्वराज्याचा ठराव करणारे व्हाइसरॉय ते हेच. या बहिणीनेंही जवळच स्टडली रॉयल येथें भावाच्या स्मरणार्थ बर्जेसकडूनच दुसरें मंदिर बांधविलें.

स्केल्टनच्या मंदिरांत आतां नित्याची उपासना होत नाहीं. जुनीं मंदिरें जतन करणारी एक संस्था त्याची देखभाल करते. तेथें जाण्याचा योग आलाच, तर स्वच्छ उन्हाचा दिवस पाहून जावें.